चौतीस पावलांवरचे तात्या

भानुदासतात्यांना रस्त्यात थांबवायचं नाही, हे बेंबळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. थांबवलं तर ते रागावत नाहीत. हसून बोलतात, घरची चौकशी करतात, गुरंढोरं बरी आहेत का विचारतात. आणि बोलणं संपलं की गपगुमान मागं फिरतात, जिथनं निघाले होते तिथं जातात आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागतात. कारण तात्या पावलं मोजत चालतात. मधे कुणी "राम राम" घातला की आकडा चुकतो आणि चुकलेल्या आकड्यावर पुढं जाणं त्यांच्या जिवाला मानवत नाही. एकदा गावात लग्न होतं, रस्ताभर पाहुणे. त्या दिवशी दूध आणायला निघालेले तात्या चार वेळा माघारी गेले आणि शेवटी बिनदुधाचा चहा प्यायले.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आठ दिवसांची नवी नवरी मी. उंबऱ्यात तात्या दिसले, म्हातारं माणूस म्हणून पदर सावरून वाकून नमस्कार केला. तात्या म्हणाले, "एकशे सात." आणि निघून गेले. मला वाटलं, आयुष्याचा आशीर्वाद दिला. मी हरखून सासूबाईंना सांगितलं तर त्यांना हसून हसून ठसका लागला. एकशे सात म्हणजे त्यांच्या ओट्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंतची पावलं.

तात्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात साखळी ओढण्यात गेली. जिल्ह्यातला असा बांध नसेल जिथं तात्यांनी साखळी टाकली नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुणाचंही नाव काढा, तात्या आधी त्याच्या रानाची चतुःसीमा सांगतात आणि मग माणसाबद्दल बोलतात. आता मोजणीला यंत्रं आली, उपग्रहावरनं मोजतात म्हणे. तात्या त्यांना मानत नाहीत. "वरनं बगून जमीन कळती व्हय? जमिनीवर चालावं लागतंय."

आपण काहीही म्हटलं तरी तात्यांचा एकच प्रश्न असतो, "मोजलंय का?" यंदा लई ऊन आहे म्हणा, "मोजलंय का?" ढोकीचा रस्ता लांब पडतो म्हणा, "मोजलाय का?" मी एकदा वैतागून म्हणाले, "तात्या, कामानं जीव नकोसा झालाय." तात्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. तेवढी अक्कल त्यांना आहे.

बोलणंही सगळं सात-बाऱ्यातलं. आमचे हे म्हणजे "दुकानाचे वहिवाटदार." चौकातला मारुती "गावठाणातले मूळ खातेदार." आणि स्वतःचा सख्खा धाकटा भाऊ म्हणजे "उत्तरेचे खातेदार." भावाचं नाव महादेव. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. तात्यांच्या तोंडून मात्र मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, कारण दोघांचं चार वर्षं बोलणं बंद होतं.

या भांडणाची गोष्ट ऐकली की डोकं धरून बसावंसं वाटतं. तात्यांचं लग्न राहून गेलं. फिरतीची नोकरी, आज या गावी उद्या त्या. जेवणखाण सगळं नानांच्या घरी. रिटायर झाल्यावर तात्यांना करमेना, म्हणून त्यांनी टेप घेतला आणि दोघा भावांच्या मधला बांध मोजला. मोजल्यावर निघालं काय, की तात्यांचंच रान नानांच्या रानात दीड हात सरकलंय. झालं! तात्या चार माणसं घेऊन नानांच्या दारात हजर. "तुमचं दीड हात आमच्याकडं निघतंय. ताबा घ्या."

नाना भडकले. "आपल्यात टेप आला कुठनं? ऱ्हाऊ दे की हातभर. म्या मागितलं व्हतं व्हय?"

"नियम म्हंजे नियम."

"मग जेवतोस ते बी मोज की! माझ्या घरातल्या भाकरी मोजल्यास कवा?"

आता इथं गप्प बसावं की नाही? तात्या म्हणाले, "मोजल्यात." आणि आकडा सांगितला. तेव्हापासून नानांच्या घरचं ताट बंद आणि बोलणंही बंद. दोघं एकमेकांना जमीन द्यायला निघाले आणि त्यावरनं भांडले, असे हे दोन शहाणे. तात्या आता स्वतःच्या भाकरी स्वतः थापतात. त्या भाकरी मी बघितल्यात. त्याबद्दल काही बोलत नाही.

विहीर मात्र दोघांची एकच. कागदावर 'सामाईक' लिहिलेली, वडिलांनी खोदलेली. पाणी पाळीनं, एक दिवस तात्यांचा, एक दिवस नानांचा. मोटार विहिरीच्या आत अठरा पायऱ्या खाली ओट्यावर बसवलेली आणि स्टार्टरही तिथंच. मोटार लावायची तर शेवाळलेल्या अठरा पायऱ्या उतरायच्या, बटण दाबायचं आणि चढून वर यायचं.

गेल्या वर्षी नानांच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला नेलं, हृदयात स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी बजावलं, पायऱ्या बंद. मुलगा नोकरीला लांब आणि बायकोचे गुडघे धरलेले. रान तर वाळवून चालत नाही. तेव्हा नाना माझ्याकडं आले.

माझ्याकडं का, तर मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. आमच्या ह्यांचं मोटार भरायचं दुकान. ते पुढं तांब्याच्या तारा गुंडाळतात, मी मागच्या खोलीत सोल्डरिंग करते. मी नानांसाठी एक डबी बनवली. डबीत ब्लूटूथचं मॉड्यूल, म्हणजे मोबाईलशी बिनतारी बोलणारा बोटभर तुकडा. डबी विहिरीच्या काठावर खांबाला, तिच्यातनं वायर खाली स्टार्टरला. मोबाईलवर ॲप उघडायचं, बटण दाबायचं, मोटार चालू. बंद व्हायला टायमर. पायऱ्या उतरायचं कामच नाही.

विहीर सामाईक म्हणून तात्यांची संमती पाहिजे. तात्यांनी दोन अटी घातल्या. एक, ॲपमध्ये नाव 'सामाईक विहीर' असंच लिहायचं. दोन, त्यांच्याही मोबाईलवर ते पाहिजे, कारण "हक्क समसमान." मी दोघांच्या मोबाईलवर ॲप टाकलं. म्हाताऱ्या बोटांना सारखं जोडत बसायला नको म्हणून अशी सोय केली, की मोबाईल विहिरीजवळ आला की ॲप खिशातल्या खिशात आपणहून जोडून घेईल. वर माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून टाकलं, "विहीर जोडली. मोटार चालू करा." तात्यांनी पहिल्याच दिवशी मोबाईलचा आवाज बंद केला. मधेच बोलला की पावलं चुकतात म्हणे.

मी स्वतःवर खूश होते. आणि मग सुरू झाली कटकट.

"सूनबाई, डबी चालंना," नाना म्हणाले. "ॲपमधी विहीरच दिसंना. लई बेजार झालो."

तात्यांच्या पाळीला मात्र सगळं ठीक. रडगाणं फक्त नानांच्या पाळीचं. मी नानांचा मोबाईल बंद करून चालू केला. लोकेशन चालू केलं, ते बंद असलं की कितीतरी फोन ब्लूटूथवरचं काही शोधतच नाहीत. बॅटरी वाचवायची सोय काढून टाकली, ती ॲपला झोपवते. जुनी जोडणी पुसली, नवी केली. लगेच विहीर दिसली, मोटार लागली, पाणी आलं. मी पदर खोचून घरी आले. पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

मग डबीची जागा बदलली. खांब लोखंडी, म्हटलं तो आडवा येत असेल, म्हणून लाकडाचा रोवला. मॉड्यूल बदललं. एकदा नाही, दोनदा. आणि गंमत बघा, मी विहिरीवर उभी असले की हमखास चालायचं. मी माघारी गावात पोचेपर्यंत नानांचा फोन, "गेली बग परत." एकदा तर मी नुसती विहिरीवर जाऊन बसले, कशाला हात लावला नाही. तरी चालू! नानांना वाटायला लागलं माझ्या हाताला गुण आहे. मला वाटायला लागलं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. आमचे हे म्हणाले, "तू तिथंच ऱ्हायला जा." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते तारा गुंडाळायला लागले.

यात तात्यांची मदत वेगळी. त्यांना डबीचा पल्ला मोजायचा होता. आपल्या पाळीला मोबाईल हातात धरून विहिरीभोवती चालायचे आणि मला येऊन सांगायचे. "पूर्वेला एकेचाळीस पावलांपतूर घावतंय. दक्षिणंला अडतीस. कडुलिंबाच्या मागं चौतीस, तितनं फुडं तुटतंय." मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, खोटं कशाला बोलू. इतकी चोख तपासणी मला डिप्लोमाच्या मास्तरांकडनंही मिळाली नव्हती.

इकडं नाना पेटत चालले होते. डबी चालत नाही म्हटल्यावर रान काय थांबतंय? ते पायऱ्या उतरायला लागले होते. मला हे कळलं तशी मी धावत त्यांच्याकडं गेले. मी म्हणाले, "नाना, असं करू नका हो. कुणाला तरी बोलवा."

"कुणाला बोलवू? रोज उठून कोन येतंय?" मग आवाज बारीक करून म्हणाले, "ह्यात त्याचाच हात हाय. माझ्याच पाळीला बंद कशी पडती? साखळी वडून वडून मानूस बेरकी झालाय. म्या आता अर्ज देनार. विहिरीत मदोमद भिंत घाला म्हनावं."

"विहिरीत भिंत?"

"व्हय. वरपासनं तळापतूर."

मला हसू आलं, पण नाना चेष्टा करत नव्हते. माझ्या डबीनं त्या दोघांत उरलेली एक गोष्टही तोडायला घेतली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे नाना कुठल्या तरी सकाळी त्या शेवाळावर छाती धरून बसतील आणि वरनं कुणी बघायलाही नसेल. ज्या पायऱ्यांसाठी मी ती डबी केली, त्याच पायऱ्या. दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

मग मी एक केलं, जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. मॉड्यूलला नवा प्रोग्रॅम दिला. कुठला मोबाईल जोडला, किती वाजता, किती वेळ, सगळी नोंद ठेव म्हणून सांगितलं. नानांच्या दोन पाळ्या जाऊ दिल्या आणि नोंद उघडली.

'तात्या. नऊ वाजून पाच मिनिटे ते दहा वाजून पन्नास मिनिटे.' दुसऱ्या पाळीला, 'तात्या. नऊ वाजून तीन मिनिटे ते अकरा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मॉड्यूल एका वेळी एकाच मोबाईलशी बोलतं. एक जोडला की बाकीच्यांना ते दिसतच नाही. म्हणजे नाना काठावर उभं राहून बोटं झिजवतायत आणि म्हातारा आपल्या मोबाईलवर विहीर अडवून बसलाय! आजारी भावाच्या पाळीला! आणि वर मला पावलं सांगतो, एकेचाळीस नि अडतीस!

नानांच्या पुढच्या पाळीला मी रस्ता सोडून ओढ्याच्या अंगानं गेले, तात्यांना दिसू नये म्हणून. तात्या होतेच. कडुलिंबाच्या बुंध्याआड, पोत्याची घडी करून बसलेले, तोंड विहिरीकडं.

"तात्या! शोभतं का तुम्हाला हे?" सासऱ्याच्या वयाच्या माणसाला असं बोलू नये. पण मी बोलले.

तात्या दचकले. "हळू! त्याला आयकू जाईल. खाली बस आदी."

"कशाला बसू? तुम्ही बसलाय तेवढं पुरे. भावाची मोटार अडवता?"

"म्या?" तात्यांनी असं बघितलं की मीच गोंधळले. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बाजूला गेलं. दोराचं वेटोळं. पाण्याची बाटली. आणि सदऱ्याच्या खिशातनं डोकावणारी गोळ्यांची पट्टी. ती पट्टी मी ओळखते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी. नानांच्या घरी तीच आहे.

मी खाली बसले.

"ऑपरेशन झाल्यापासनं येतोय," तात्या खाली बघत म्हणाले. "आदी मदनंमदनं यायचो. मग तुजी डबी बिगडली, त्यो पायऱ्या उतराया लागला. तवापासनं एक पाळी सोडली न्हाय. हितनं पायरीपतूर चौतीस पावलं. पळालो तर एकवीस. म्या पळून बगितलंय."

पासष्टीला आलेला माणूस. पळून बघितलंय म्हणाला.

"मग मी यायचे तेव्हा कुठं असायचात?"

"तू आलीस का म्या घरी जायाचो. सोबतीला मानूस हाय म्हनल्यावर माजं काय काम?"

मी कपाळावर हात मारला. मी आले की तात्या जातात, त्यांच्याबरोबर मोबाईल जातो, विहीर मोकळी होते. मी गेले की तात्या येतात आणि खिशातला मोबाईल आपणहून विहिरीला जोडून घेतो. ती सोय कुणी केली? मी! मोबाईलनं बोलून सांगितलंही असतं, पण आवाज बंद. आणि डबी चालत नाही म्हणून तात्या आणखी न चुकता येतात, आणि तात्या येतात म्हणून डबी चालत नाही.

"तात्या, मोबाईल काढा."

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढून दिला. "म्या हात बी लावला न्हाय बग." पडद्यावर लिहिलं होतं, 'सामाईक विहीर. जोडली आहे.' मी त्यांना दाखवलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. तुमचा मोबाईल जोडलेला आहे तोवर नानांचा जोडत नाही. म्हणून त्यांना खाली उतरावं लागतं.

तात्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात समोर नाना काठावर आले. मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सारला, बोट मारलं. पुन्हा मारलं. एक कचकचीत शिवी दिली, ती आमच्यापर्यंत आली. मोबाईल खिशात टाकला, धोतर वर खोचलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बंद कर!" तात्या ओरडायचे ते घशातल्या घशात ओरडले. "आगं बंद कर की त्ये!"

मी बटण शोधतेय तेवढ्यात पडदा लॉक झाला. तात्यांनी आकडा सांगितला, मी चुकीचा दाबला. नाना दुसऱ्या पायरीवर. पुन्हा दाबला, ब्लूटूथ बंद केलं. नाना तिसऱ्या पायरीवर. आणि नानांच्या खिशातनं माझा आवाज आला, खणखणीत, "विहीर जोडली. मोटार चालू करा."

नाना थांबले. मोबाईल काढला, त्याच्याकडं संशयानं बघितलं, बटण दाबलं. खालनं मोटारीची घरघर आली आणि पलीकडं पाइपातनं पाणी धो धो पडायला लागलं. नाना वळले, तीन पायऱ्या चढून वर आले आणि पाण्यात हात घालून उभे राहिले.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच मातीत पाय पसरून बसले आणि उगाच हसायला लागले. किती दिवसांनी मोकळं हसले असेन! डबी चांगली होती. मॉड्यूल चांगलं होतं. माणसंही, म्हटलं तर, चांगली होती.

तात्या हसत नव्हते. "अकरा पाळ्या," ते म्हणाले. "अकरा येळा अठरा पायऱ्या. जाऊन येऊन तीनशे शहाण्णव. म्याच उतरवला त्याला." आणि तोंडावर पंचा धरून रडायला लागले. मी नुसती पाण्याची बाटली पुढं केली. जाताना त्यांनी मला शपथ घातली, यातलं काही उत्तरेच्या खातेदारांना सांगायचं नाही.

शपथ मी दुसऱ्याच दिवशी मोडली. नानांच्या घरी गेले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. मग कुणाचा मोबाईल होता तेही सांगितलं. दोर सांगितला, गोळ्यांची पट्टी सांगितली, पळून बघितलेलं सांगितलं. नाना पानाला चुना लावत होते, हात तसाच राहिला.

"बसतोय ते ठावं हुतं मला," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसायचे?"

"म्या काय आंदळा हाय? ऑपरेशन छातीचं झालंय, डोळ्याचं न्हाय. मला वाटलं, डबीचं काय तरी करायलाय म्हनून लपून बसतोय." त्यांनी राहिलेला चुना लावला, पान दुमडलं. मग दुसरीकडंच बघत म्हणाले, "त्या लिंबाखाली मुंगळं लई झाल्यात. बसनाऱ्याला म्हनावं, जरा अलीकडं बस."

"भिंतीचा अर्ज?"

"कसली भिंत? विहिरीत कुटं भिंत घालत्यात व्हय? येडी का खुळी!"

त्या आठवड्यात मी मॉड्यूलचा प्रोग्रॅम बदलला. आता ते दोन्ही मोबाईलशी एकाच वेळी बोलतं. नानांनी मोटार ॲपवरनं लावली की खाली उतरून हातानं, हेही दोघांच्या पडद्यावर दिसतं. हे सांगायला मी मोठ्या उत्साहात तात्यांकडं गेले. तात्या भाकरी थापत होते. पीठ हातावर तसंच ठेवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे त्याला आता उतरायचं काम न्हाय."

"मुळीच नाही."

"झ्याक झालं. लई झ्याक झालं." त्यांचे खांदे सैल पडले. मग परातीकडं बघत म्हणाले, "मग आता म्या बसायचं बी कारन न्हाय."

मी इतकी मोठी डिप्लोमावाली, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चार वर्षांत या माणसानं भावाला डोळे भरून बघितलं ते त्या झाडाआडनं. नाना मोबाईलला शिव्या देताना, चष्मा कपाळावर सारताना, पाण्यात हात घालून उभे असताना. आणि मी भली बाई तेवढंही दुरुस्त करून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथंच पाटावर बसले.

"कारण नाही कसं?" मी म्हणाले. "ह्या डबीचा पल्ला केवढा? घरी बसून तुम्हाला काय दिसणार? जवळच जाऊन बसावं लागतंय." मोठा अँटेना लावला की निम्म्या गावातनं दिसेल, हे मी सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही.

तात्यांनी मान हलवली, जोरात. "व्हय व्हय. ते बी खरंच. बसावंच लागंल."

"आणि नानांचा निरोप आहे."

हातातलं पीठ परातीत पडलं. "कुनाचा?"

"नानांचा. म्हणाले, लिंबाखाली मुंगळे लई झालेत, बसणाऱ्याला म्हणावं, जरा अलीकडं बस."

चुलीवर तवा तापून धूर यायला लागला, मी उठून तो खाली उतरवला.

"महादू म्हनला?" त्यांनी विचारलं. "सोता म्हनला?"

"स्वतः."

"परत सांग बगू. जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पिठाचे हात मांडीवर ठेवून. संपलं तसं म्हणाले, "आनिक एकडाव."

मी तिसऱ्यांदा सांगायला लागले आणि मधेच पदरानं डोळे पुसायला थांबले. तात्या डोळे मिटूनच बसले होते. घाई नव्हती त्यांना.